माणिकराव सरांच्या खात्यावरून

१

‘संदर्भ-व्यवस्थापन सॉफ्टवेअर निवड समिती’ असं जीभ अडखळवणारं नाव असलेल्या समितीच्या अध्यक्ष म्हणून डॉ. सुकेशनी खंदारे नांदेडहून परभणीला आल्या, तेव्हा दुपारच्या चहापर्यंत काम उरकेल अशी त्यांची खात्री होती. तीन सॉफ्टवेअरं समोर होती. एक फुकटचं, एक दरसाल वर्गणी मागणारं आणि एक कुठल्याशा बड्या प्रकाशन कंपनीचं. त्यातलं एक निवडायचं, सह्या ठोकायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी.

जानेवारीतलं धुकं त्या दिवशी उन्हाला दाद देत नव्हतं. जिंतूर रोडवरचं ते खासगी संशोधन केंद्र रिक्षातून दिसलंच नाही. रिक्षावाल्यानं अंदाजानं वळण घेतलं आणि फाटक एकदम अंगावर आल्यासारखं समोर उभं राहिलं.

बैठकीच्या खोलीत त्या शिरल्या तर सगळे उभेच होते. भिंतीवरच्या पडद्याकडे टक लावून बघत होते. कोपऱ्यात एक तरुण मुलगी ओढणीचं टोक मुठीत आवळून उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

पडद्यावर एका मुलाखतीची नोंद उघडलेली होती. सुग्रीव, ऊसतोड कामगार, पेडगाव. नोंदीला जोडलेलं रेकॉर्डिंग गायब होतं. त्याच्या जागी एक पिवळी चिठ्ठी चिकटली होती: ‘हे बोलणं खरं नाही.’ खाली लिहिणाऱ्याचं नाव, माणिकराव गिराम. आणि आजची तारीख.

सुकेशनीबाईंना यात घाबरण्यासारखं काही दिसेना.

“अहो, मग त्यांनाच बोलवा ना,” त्या खुर्ची ओढत म्हणाल्या. “कुठं बसतात हे माणिकराव सर?”

केंद्राचे संचालक भुजंग लोखंडे यांनी घसा साफ केला.

“बसत नाहीत मॅडम. सर पावसाळ्यातच वारले.”

२

तिघांतलं फुकटचं सॉफ्टवेअर केंद्रात आधीपासूनच वापरात होतं आणि त्याला सगळे ‘पेटी’ म्हणत. संशोधन करणाऱ्यानं कुठलं पुस्तक वाचलं, कोणाची मुलाखत घेतली, ते सगळं या पेटीत जपून ठेवायचं. प्रबंध लिहिताना पेटीला हाक मारली की ती शेवटची संदर्भसूची आपोआप लावून देते. पेटी सगळ्यांची मिळून एकच होती. तिचे मालक म्हणून नाव होतं डॉ. माणिकराव गिराम यांचं, कारण ऊसतोड कुटुंबांवरचा तो मोठा प्रकल्प त्यांचा होता आणि पेटीही त्यांनीच सुरू केलेली होती. तिच्यातलं काही काढून टाकण्याचा हक्क फक्त मालकाला.

“अन् मालक गेल्यापासनं पेटीतल्या मुलाखती एकेक करून गायब व्हायल्यात,” संगणक कक्ष सांभाळणारा जीवन सांगू लागला. “रेकॉर्डिंग जातंय, अन् तिथं सरांची चिठ्ठी येतीय. पासवर्ड मला ठाव न्हाई, कुणालाच ठाव न्हाई. सरांनी कधी सांगितलाच न्हाई.”

“म्हणजे भूत आहे म्हणा की,” सुकेशनीबाई म्हणाल्या.

कोणी हसलं नाही. 

“भुताचं काय ते असो,” भुजंग सर म्हणाले. “प्रश्न भक्तीचा आहे. खोट्या म्हटलेल्या सगळ्या मुलाखतींपुढं ‘नोंद करणारी’ म्हणून हिचं नाव आहे. हिचा प्रबंध महिनाअखेर सादर व्हायचाय. मुलाखती बनावट निघाल्या तर नोंदणी रद्द करण्याची शिफारस मला करावी लागेल. माझा इलाज नाही. तुम्ही बाहेरच्या आहात मॅडम, पेटीची माहिती असलेल्या आहात. काय ते तुम्हीच बघा.”

कोपऱ्यातली मुलगी म्हणजे भक्ती. माणिकराव सरांची शेवटची विद्यार्थिनी. ती नुसती मान हलवत राहिली.

टेबलाच्या टोकाला सहायक प्राध्यापक गोपीचंद होगे बसले होते. मानवतच्या मोठ्या बागायतदाराच्या घरचा, देखणा, अंगानं भरलेला माणूस. पण डोळ्यांखाली काळं आलेलं. मनगटावर नवाकोरा काळा दोरा.

“मी आधीपासनं सांगायलोय,” ते हळू आवाजात म्हणाले. “वर्गणीचं सॉफ्टवेअर घ्या. ही पेटी बंद करा. नव्यात नुसती शीर्षकं उचलायची. रेकॉर्डिंग न्हाई, चिठ्ठ्या न्हाईत, काहीच न्हाई. सरांना शांती मिळू द्या मॅडम. अन् आमाला बी.”

बोलता बोलता त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि झटकन नजर काढून घेतली. ही भीती खोटी नव्हती. सुकेशनीबाईंनी आयुष्यात पुष्कळ तोंडी परीक्षा घेतल्या होत्या. खरी भीती त्यांना ओळखू यायची.

३

“मी न्हाई केलं मॅडम.” ग्रंथालयातल्या बाकावर बसल्या बसल्या भक्ती म्हणाली. “आईची आण घेऊन सांगते.”

“आण नको. काय झालं ते सांग.”

भक्ती पेडगावचीच. तिचे आईवडील पूर्वी कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे. भाऊ कमावता झाल्यावर थांबले. घरात शिकलेली ही पहिलीच. तिनं स्वतः घेतलेल्या मुलाखती उन्हाळ्यातल्या होत्या आणि त्यांच्यावर एकही चिठ्ठी नव्हती. चिठ्ठ्या पडत होत्या त्या तिच्या आधीच्या, प्रकल्पाच्या जुन्या मुलाखतींवर.

“जुन्या सगळ्या एका पेनड्राईव्हमधी होत्या. सर म्हणले, पेटीत भर. मी भरल्या. म्हणून माझं नाव लागलं.”

“मुळात घेतल्या होत्या कोणी?”

“ते कुठंच न्हाई लिहिलेलं. तवा भुजंग सर, गोपीचंद सर, जीवनदादा, तिघं बी प्रकल्पावर होते. जमंल तसं ज्यानं त्यानं गावं वाटून घेतलेली.”

“आवाजावरून कळलं नाही?”

“प्रश्न विचारणाऱ्याचा आवाजच न्हाई त्यात. कापलेला. नुसती उत्तरं.”

सुकेशनीबाईंनी चिठ्ठ्या पडलेल्या नोंदी एकाखाली एक लावल्या. रेकॉर्डिंग गेलं तरी नोंद शिल्लक होती: नाव, गाव, तारीख. त्यांनी संगणक भक्तीकडे वळवला.

“यात तुला काही खटकतं?”

भक्ती वाचत गेली. मग तिनं तोंडावर हात ठेवला.

“सगळ्या जानेवारीतल्या हायत मॅडम. सुग्रीवमामा जानेवारीत पेडगावात कुठून? ते तर दिवाळी झाली की टोळीसंगं उसाच्या फडावर जात्यात, ते थेट पाडव्यालाच परत येत्यात. मी... मी तारखा बघितल्याच न्हाईत. सरांनी दिलंय म्हणून डोळे मिटून भरत गेले.”

हे कबूल करताना तिला लाज वाटली आणि ती तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसली. सुकेशनीबाईंना ती पोर त्या क्षणी आवडून गेली.

“म्हणजे मुलाखती बनावटच आहेत. चिठ्ठी लिहिणारा खरं सांगतोय.”

“मग सर खरंच...” भक्तीनं वर पाहिलं. “सर खरंच बघायलेत का मॅडम वरून?”

उत्तर द्यायला सुकेशनीबाईंनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. भरदुपारी, दोघींच्या डोळ्यांदेखत, पडद्यावर एक पिवळा चौकोन हळूच उमटला. कोणाचा हात नाही, कळफलकाचा आवाज नाही.

‘सोयाबीन निघायच्या आत पुन्हा एकदा पेडगावला येऊन जावं. सुग्रीव सध्या घरीच आहे.’

माणिकराव गिराम. आत्ता.

भक्ती किंचाळून उभी राहिली. सुकेशनीबाईंच्याही अंगावर सर्रकन काटा आला, हे खोटं कशाला सांगा. पण त्यांनी ती चिठ्ठी पुन्हा वाचली, मग खिडकीबाहेर पाहिलं. कुंपणापलीकडच्या रानात, धुक्यात, घाटे धरलेला हरभरा उभा होता.

“भक्ती,” त्या म्हणाल्या, “सरांच्या घरी मला आजच जायचंय.”

४

मानवतला जाणारी एसटी दिवे लावून चालली होती. सरांचं घर कापूस बाजाराच्या मागच्या आळीत. दार केशरबाईंनी उघडलं. सरांच्या पत्नी, किरकोळ बांध्याच्या, कपाळ मोकळं, डोळे कोरडे. बाहेरच्या खोलीत सरांची खुर्ची होती तशीच होती आणि तिच्यावर कोणी बसत नसावं.

“माणसं म्हणत्यात ते परत आलेत,” केशरबाई पाणी देत म्हणाल्या. “येऊ द्या की. घर त्यांचंच हाय. पण मला न्हाई दिसले कधी. कॉलेजातच येत्यात म्हणं.”

त्यात तक्रार होती. नवरा मेल्यावरही कामाच्याच जागी जातो, ही तक्रार. सुकेशनीबाईंना एकाच वेळी हसू आलं आणि वाईटही वाटलं.

“शेवटचे दिवस कसे गेले त्यांचे?”

“आखाड्यावर. पेडगावच्या शिवारात आमची जमीन हाय, तिथं पत्र्याची खोली हाय. पाऊस लय होता. मी डबा घेऊन गेले तर हे कानात बोंडं घालून बसलेले, मांडीवर लॅपटॉप. दिवस दिवस ऐकायचे. गावात जाऊन माणसांना भेटून यायचे अन् परत ऐकायचे. मधीच लॅपटॉपसंगं बोलायचे.”

“लॅपटॉपसंगं?”

“तर वो. मी म्हणलं, येडे झालाव का? हितं रेंज बी न्हाई, कुणासंगं बोलायलाव? तर म्हणले, भक्तीसंगं बोलायलोय.” त्या थांबल्या. “मग घरी आले. चहा टाक म्हणले. चहा होऊस्तोवर खुर्चीतच मान टाकली.”

सुकेशनीबाईंनी त्या खुर्चीकडे पाहिलं.

“तो लॅपटॉप कुठं आहे ताई?”

“तुमच्याच माणसांनी नेला की. तेराव्याला. म्हणले, यात केंद्राचं काम हाय.”

“कोणी नेला?”

“तिघं आलते. संचालक, गोपीचंद अन् जीवन. पिशवी कुणाच्या हातात दिली ते न्हाई सांगता यायचं. मान वर करून कुणाकडं बघायचे दिवस होते का ते?”

परत येताना एसटीत भक्तीनं विचारलं, “केंद्रात तर लॅपटॉप न्हाई मॅडम. जीवनदादा म्हणला, तो भुजंग सरांकडं असंल.”

“तिघांपैकी एकानं तो दडवलाय,” सुकेशनीबाई म्हणाल्या, “आणि बाकीचे दोघं एकमेकांवर विसंबून गप्प आहेत.”

“पण भूत?”

“तू मला एक सांग. ज्याला मुलाखती खोट्या आहेत असं जगाला ओरडून सांगायचंय, तो त्यांचं रेकॉर्डिंग का पुसेल? तोच तर पुरावा. एका नावाखाली दोन हात आहेत भक्ती. एक लिहितोय. एक पुसतोय. आणि मला वाटतं, ते दोघं एकमेकांना ओळखत नाहीत.”

५

दुसऱ्या दिवशी सुकेशनीबाईंनी चौकशी अशी केलीच नाही. त्या चहा पीत हिंडल्या आणि प्रत्येकाजवळ एकच विषय काढला, हुरड्याचा.

“भुजंग सर, परभणीत आले आणि हुरडा न खाता गेले तर नांदेडला तोंड दाखवायची सोय नाही. पेडगावला जाऊ या का? सुग्रीव वगैरे मंडळींना भेटणंही होईल.”

भुजंग सर फायलीतून डोकं न काढता म्हणाले, “हुरडा खा, पण भेटणार कोण? टोळ्या गेल्यात. म्हणून तर आम्ही कामाला पावसाळ्यात जायचो. चिखल तुडवत.”

जीवन एका जुन्या छपाईयंत्राशी झटत होता. त्याचं गाव गंगाखेडकडचा तांडा. प्रश्न ऐकून त्याचे हात थांबले.

“जानेवारीत? जानेवारीत आमच्या तांड्यावर म्हातारी माणसं अन् कुत्री मॅडम. दारांना कुलपं. लहानपणी मी आजीपाशी ऱ्हायचो, तवा संध्याकाळी एका घरातनं धूर निघायचा, आमच्या. बाकी सगळं गप. मला अजून बी हिवाळा आवडत न्हाई.”

गोपीचंद बाहेर उन्हाचा कवडसा शोधून उभे होते. रात्रभर झोप नसावी. पण हुरडा म्हटल्यावर त्यांचाही चेहरा जरा उजळला.

“चला की मॅडम! आमच्याच रानात या. जानेवारीत गावाकडं लय मजा असती. वेचणीच्या बाया, पाव्हणेरावळे, कापसाच्या गाड्या. गावात पाय ठेवायला जागा न्हाई. वर्षातली सगळ्यात गर्दीची येळ.”

“आणि पेडगावला?”

“तिथं बी तसंच असणार. सगळीकडं तेच की.”

सुकेशनीबाईंनी चहाचा कप कठड्यावर ठेवला. मग त्या जीवनला बाजूला घेऊन बराच वेळ बोलल्या, आणि दुपारी समितीची बैठक बोलावली.

६

“मी फुकटची पेटीच कायम ठेवायचं ठरवलंय,” त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं.

गोपीचंद खुर्चीत पुढे सरकले. “मॅडम, एवढं सगळं होऊन बी?”

“एवढं सगळं झालं म्हणूनच. या पेटीत कोणी काय केलं ते दिसतं. दुसरं म्हणजे, हिच्यातून पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही. ते कचऱ्याच्या डब्यात पडून राहतं. डब्यातलं बघता कोणालाही येतं, पण डबा रिकामा करता येतो फक्त मालकाला. आणि मालक तर वारले. म्हणजे सगळी रेकॉर्डिंगं डब्यात शाबूत आहेत. जेवण झालं की जीवन ती बाहेर काढेल आणि आपण सगळे बसून ऐकू. आवाज कोणाचे आहेत ते कोणीतरी ओळखेलच.”

 बाहेर धुकं पुन्हा उतरायला लागलं होतं.

“चला, जेवून घेऊ,” सुकेशनीबाई म्हणाल्या. पण स्वतः उठल्या नाहीत. गोपीचंद मात्र उठले. रक्तदाबाची गोळी गाडीत राहिली म्हणाले आणि बाहेर गेले.

पडदा तसाच चालू होता. डबे उघडले गेले, भाकरी मोडली गेली, आणि तेवढ्यात भक्तीच्या हातातला घास खाली पडला.

पडद्यावर पिवळा चौकोन उमटला. ‘हेही खरं नाही.’

मग दुसरा. ‘हा आवाज आधीच्याच बाईचा. दोन नावं, एक बाई.’

मग आणखी एक. ‘प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज का कापला असेल?’

चिठ्ठ्या येतच राहिल्या. आणि त्याच वेळी, पडद्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात, कचऱ्याच्या डब्यातली नावं एकेक करून विझत चालली. इकडे मेलेला माणूस बोलत होता, तिकडे त्याच्याच नावानं कोणीतरी त्याचं तोंड दाबत होतं. भुजंग सरांसारख्या करड्या माणसानंही हात जोडले.

“जीवन, डब्यातलं सगळं उतरवून घेतलंय ना?” सुकेशनीबाईंनी विचारलं.

“सकाळीच घेतलंय मॅडम.”

“मग या माझ्याबरोबर.”

फाटकापाशी गोपीचंदांची पांढरी गाडी उभी होती. काचा आतून वाफेनं धुरकटल्या होत्या. सुकेशनीबाईंनी दार उघडलं. मांडीवर लॅपटॉप, शेजारच्या सीटवर फोन, आणि गोपीचंद दोन्ही हात छातीशी धरून बसलेले. घामानं सदरा अंगाला चिकटलेला. त्यांनी दार उघडणाऱ्यांकडे पाहिलंच नाही. त्यांचे डोळे लॅपटॉपवर खिळले होते.

“मी काहीच लिहिलं न्हाई,” ते पुटपुटले. “मी नुसतं पुसायलोय मॅडम. दरवेळी नुसतं पुसलंय. मग हे लिहितंय कोण?”

७

“माणिकराव सरच लिहितायत,” सुकेशनीबाई म्हणाल्या.

गोपीचंदांच्या तोंडून नुसताच आवाज निघाला. त्यांना हाताला धरून आत आणावं लागलं. लॅपटॉप जीवननं उचलला, असा जपून की जणू झोपलेलं मूल.

सगळे बसल्यावर सुकेशनीबाईंनी पाण्याचा घोट घेतला. 

“सोयाबीन निघायच्या आत येऊन जावं, असं काल चिठ्ठीत आलं. आता रानात हरभरा आहे. भूत झालं तरी शेतकऱ्याच्या पोराला एवढं कळेल. म्हणजे ती चिठ्ठी पावसाळ्यात लिहिलेली होती, जिवंत माणसानं. सर आखाड्यावर बसून जुन्या मुलाखती तपासत होते. तिथं रेंज नाही. लिहिलेलं सगळं लॅपटॉपमध्येच साठत राहिलं. घरी आले आणि संपलं. त्यानंतर लॅपटॉपला इंटरनेट मिळालं ते थेट यांच्या गाडीत, आणि सरांचं खातं त्यात उघडंच असल्यानं यांना पासवर्ड लागलाच नाही.”

“म्हणजे हे पुसायला उघडायचे...” भुजंग सरांच्या डोक्यात उजेड पडायला लागला.

“पुसायला उघडायचे, फोनवरून इंटरनेट जोडायचे, आणि जोडलं की लॅपटॉप सरांचं साठलेलं पेटीकडे पाठवायला लागायचा. काम झालं की हे घाबरून लगेच बंद करायचे. तेवढ्यात एखाद-दुसरी चिठ्ठी निसटायची आणि पेटी तिच्यावर त्याच दिवसाची तारीख घालायची, बाकीच्या आत अडकायच्या. सरांना बोलतं करत होते ते गोपीचंद. आणि सर्वांत जास्त घाबरतही होते गोपीचंदच.”

गोपीचंदांनी मनगटावरचा दोरा चाचपला. मग एकदम बांध फुटावा तसे बोलू लागले. पदोन्नतीसाठी शोधनिबंध हवा होता, पावसात गावोगाव हिंडायला जमलं नव्हतं. हिवाळ्यात घरी वेचणीला आलेल्या बायका-गड्यांना ओसरीवर बसवून, हे असं असं बोला म्हणून, मुलाखती करून टाकल्या. सर तपासायला निघालेत हे कळलं होतं. ते गेले तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, असंही ते म्हणाले, आणि मग हुंदका देऊन रडले.

“पण मीच, हे कसं वळखलं तुमी?”

“जानेवारी लिहिलंत ना. तुमच्या घरचा जानेवारी म्हणजे कापूस आणि गर्दी. तोच तुम्ही पेडगावच्या कोयत्यावाल्यांना चिकटवलात. त्यांच्या घरचा जानेवारी म्हणजे कुलूप. जीवनला ते ठाऊक आहे, भुजंग सरांना ठाऊक आहे. याच जिल्ह्यात जन्म काढून तुम्हाला एकट्यालाच ते कधी दिसलं नाही.” त्यांचा आवाज चढला होता आणि तो त्यांनी चढू दिला. “आणि त्याचं खापर या मुलीवर फुटत होतं, तेव्हा गप्प बसलात. त्याचा राग मला जास्त आहे.”

भुजंग सर उठले आणि भक्तीसमोर येऊन उभे राहिले. “चुकलो बाई. खोट्या मुलाखती वगळ, उरलेल्यावर प्रबंध उभा राहतो. उद्या आणून दे, मी सही करतो.”

भक्ती रडत होती आणि हसत होती. तेवढ्यात जीवन म्हणाला, “मॅडम, अजून एक राहिलंय यात. लय जड हाय, म्हणून अडकलं होतं. आवाज हाय. आता आलंय.”

नोंद भक्तीची होती. तिनं स्वतः घेतलेली. बायनाबाई, पेडगाव.

जीवननं सुकेशनीबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

आधी नुसता पाऊस ऐकू आला, पत्र्यावरचा. मग कोणीतरी खोकलं. त्या खोकल्यानं भुजंग सरांनी डोळे मिटून घेतले. तो खोकला त्यांच्या ओळखीचा होता.

“भक्ती, बायनाबाईची ऐकली. ही खरी हाय, यात शंका न्हाई. चांगलं काम केलंस. पण एक सांगतो. तू तिला विचारलंस, फडावर बाळंत झालात तवा जवळ कोण होतं? ती म्हणली, कुणी न्हाई. अन् तू पुढचा प्रश्न विचारलास. त्या ‘कुणी न्हाई’नंतर ती बोलणार होती गं. श्वास घेतल्याचा आवाज येतोय. तुझा प्रश्न आला अन् ती गप झाली. तिला काय सांगायचं होतं, ते आपल्या पेटीत न्हाई.”

पाऊस आणखी थोडा वेळ पडत राहिला आणि मग आवाज थांबला.

 भक्तीनं ओढणीनं चेहरा कोरडा केला. बराच वेळ ती पडद्यावरच्या त्या नावाकडे बघत होती.

“सर,” ती भुजंग सरांना म्हणाली, “मुदतवाढ मिळंल का?”

“आता कशाला? उद्या दिलंस तर उद्या संपतं सगळं. आणि मुदतवाढ मिळेलच असंही नाही. नाही मिळाली तर पाच वर्षं पाण्यात जातील तुझी.”

“बायनाबाई फडावर हाय, साताऱ्याकडं. मी तिकडं जाते.”

“काय विचारणार आहेस तिला?” सुकेशनीबाईंनी विचारलं.

“काहीच न्हाई मॅडम,” भक्ती म्हणाली. “नुसतं बसते तिच्यापाशी.”